प्रतिसाद नाही

"उदाहरण शोधायला लांब कशाला जायचं? उदाहरण समोरच उभं आहे."

मॅडम असं म्हणाल्या आणि सभागृह हसलं. उदाहरण म्हणजे मी.

यवतमाळच्या एका कॉलेजातलं संशोधन केंद्र. माझ्या पीएच.डी.चं शेवटचं सादरीकरण. बंजारा मुलं शाळेत आल्यावर मराठी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकतात आणि ती त्यांना कशी शिकवावी, हा माझा विषय. सहा वर्षं घातली होती मी यात. शाळा सुटल्यावर, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत. पडद्यावर माझे तक्ते लागले होते आणि दहा मिनिटं मी बरी बोललेही होते. मग बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी विचारलं, "घरची बोली मराठीच्या आड येते म्हणता, म्हणजे नेमकं कसं? एखादं उदाहरण द्या." मी तोंड उघडायच्या आत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाक्य टाकलं.

"बोल ना गं. घरी आईशी बोलतेस तसं बोल. मग तेच मराठीत सांग. लाजायचं काय त्यात?"

मी बोलले. आईला जेवायला हाक मारतात तशी हाक मारली. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकर, असं समजावूनही सांगितलं. पाहुण्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "परत एकदा. जरा सावकाश." मी परत बोलले. जरा सावकाश. टाळ्या पडल्या. मीही हसले. ते हसू आठवलं की आजही स्वतःची किळस येते. मालकाला बरं वाटावं म्हणून काढलेलं हसू होतं ते.

तरी इथवर माझ्या एकटीचं होतं. गिळलं असतं. तोवर बरंच गिळलेलं होतं.

पण मागच्या रांगेत माझी याडी बसली होती. पुसदकडच्या आमच्या तांड्यावरून दोन एसट्या बदलून आली होती. लेक डॉक्टर होणार म्हणून ठेवणीतला फेटिया घागरा नेसून, आरशांची कांचळी चोळी घालून, कोपरापर्यंत बांगड्या चढवून. मॅडमची नजर तिच्यावर गेली.

"अरे वा, आई पण आल्यात! सर, हे तर अगदी अस्सल. आई, तुम्ही पण बोला ना मराठीत काहीतरी. सरांना ऐकू दे."

पाहुणे उठून तिच्यासमोर गेले. वही काढली, पेन काढलं. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. बालवाडीतल्या पोरासमोर धरतात तसा.

"हे काय आहे?"

याडी बघत राहिली. पेल्याकडे नाही. त्यांच्या तोंडाकडे.

"आई, हे काय आहे?"

ती गप्प. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. आणि मी म्हणाले, "तिला मराठी जमत नाही, सर."

पाहुण्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी जवळच होते, मला दिसलं. प्रतिसाद नाही.

माझी याडी तीस वर्षं पुसदच्या बाजारात बसते. हंगामात सीताफळं, एरवी सांबार म्हणजे कोथिंबीर, टमाटर, वांगी. मराठीत भाव करते, मराठीत भांडते, मराठीत पोलिसाला गप्प बसवते. ट्रकवाल्यांशी हिंदी बोलते. शेजारच्या पोडावरच्या, कोलामांच्या वस्तीवरच्या बाया येतात, त्यांच्याशी थोडं त्यांचं. हे मला माहीत होतं. ती गप्प का बसली, हेही मला माहीत होतं. माहीत असून मी तिला सगळ्यांसमोर मुकी ठरवलं.

हे असं का केलं, ते सांगायचं तर मॅडमपासून सांगावं लागेल.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. हेच तर आहे. वाईट असत्या तर मी पहिल्याच वर्षी पळाले असते. घर जुन्या वकिलांचं. आजोबा कचेरीत, वडील कोर्टात, भाऊ बँकेत. बोलणं मऊ. मला जुन्या साड्या द्यायच्या, "अजून किती छान आहे बघ" म्हणून. पाहुण्यांना माझी ओळख "ही आमची लमाणी" अशी करून द्यायच्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती, तेव्हा मला म्हणाल्या, "आईचा तो ड्रेस घालून ये. गेटवर तूच ओवाळ. खूप छान दिसेल." मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, बाभुळगावजवळच्या शाळेत अकरा वर्षं नोकरी झालेली, दोन विषयांत एम.ए. गेटवर उभी राहिले, ताट घेऊन. समितीतल्या एकानं विचारलं, "तुम्ही नाचता पण का हो?" मॅडम हसून म्हणाल्या, "नाचेल की, सांगितलं तर!"

मी रागावले नाही. पीएच.डी. करायची तर वाकावं लागतं, असं सगळेच सांगतात. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही.

मॅडमचं एक साधन होतं. साधन म्हणजे चाचणी. त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.साठी तरुणपणी बनवलेली. चित्रांची कार्डं. त्यावर त्यांचा सगळा मान उभा होता. त्याच चाचणीवरून जिल्ह्यात शिक्षकांची प्रशिक्षणं व्हायची. पोरगं पहिलीत आलं की कार्डं दाखवायची, गुण मोजायचे. कमी गुणांच्या पोरांना "भाषिक पूर्वतयारी नसलेली" असं नाव. त्यांची चटई वेगळी, वर्गाच्या मागं. पुढची पोरं गोष्ट वाचतात, मागची पोरं वर्षभर रेघोट्या गिरवतात. मागच्या चटईवर कोणाची पोरं असतात, हे मी सांगायची गरज नाही. कोणत्याही तांड्याजवळच्या शाळेत जाऊन बघा.

चाचणीचे नियम पुस्तिकेत छापलेले होते. परीक्षकाने स्वतःविषयी काहीही सांगू नये. चित्र दाखवावे. "हे काय आहे?" एवढेच विचारावे. मनात वीसपर्यंत मोजावे. उत्तर न आल्यास फुली मारावी.

आता आमची रीत ऐका. तांड्यात अनोळखी माणूस आला की आधी तो बोलतो. कुठल्या तांड्याचा, कोणत्या गोताचा, कोणाचा कोण. मग त्याला पाणी. मग बाकीच्या गोष्टी. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासूनचं हे. पुढं सरकारनं कित्येक तांडे गुन्हेगारांच्या यादीत घातले. कोणीही टोपीवाला यायचा आणि पोरांना विचारायचा, हे काय आहे, ते कुठून आणलं, बाप कुठं गेला. तेव्हा म्हाताऱ्यांनी पोरांना पक्कं शिकवलं. जो स्वतःचं नाव-गाव न सांगता विचारतो, त्याला जबाब द्यायचा नाही. आता कोणी धरून नेत नाही. पण रीत राहिली. चार वर्षांच्या पोरालाही ती कळते.

आणि मी गेले, त्याच रीतीच्या पोटातून जन्मलेली, कार्डांची पिशवी घेऊन. पुसद भागातले तांडे, पांढरकवड्याकडचे तांडे. नियमाप्रमाणे नाव सांगितलं नाही. तांडा सांगितला नाही. गोत सांगितलं नाही. पोरांना समोर बसवलं, कार्ड धरलं, "हे काय आहे?" पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. मी मनात मोजायची. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. फुली.

इतक्या फुल्या मारल्या की बोटाला घट्टा पडला. भरलेले कागद मॅडमकडून त्या त्या तांड्याच्या शाळेत जायचे.

मला शंका आली नाही, असं म्हणणार नाही. पण पुस्तिकेत छापलेलं होतं, मॅडमचं होतं, आणि शिकलेल्या माणसाला छापलेल्यासमोर स्वतःची आई खोटी वाटायला लागते. माझं तसं झालं होतं.

शेवटी मी आमच्याच तांड्यावर गेले. मॅडमनी बजावलं होतं, "नात्यातली मुलं असली तरी त्या वेळेपुरतं अनोळखीच राहायचं. हसायचं नाही, नावानं हाक मारायची नाही." माझ्या भावाची पायल, सहा वर्षांची. मला बघून धावत आली. मी तिला हात लावला नाही. समोर बसवलं. कार्ड धरलं. कार्डावर बैल होता. त्यांच्या दारात दोन बैल बांधलेले आहेत. पायल कार्डाकडे बघेना. माझ्याकडेच बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. पुढचं कार्ड. पुढचं कार्ड. सगळ्या फुल्या.

संध्याकाळी जेवताना ती माझ्यापासून लांब बसली. मग आमच्या बोलीत म्हणाली, "आत्या, तू कोणाची आहेस ते तू सांगितलंच नाही. तू पोलिसासारखी विचारत होतीस."

ताट सरकवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका पिशवीत टाकली आणि पोरांपुढं बसून आधी स्वतःविषयी सांगितलं. अमक्या तांड्याची, अमक्या गोताची, अमक्याची लेक. मग तीच कार्डं काढली. काय सांगू! पोरं थांबेनात. बैल म्हटलं तर बैलाचं नाव, तो कोणाकडून आणला, मागच्या पोळ्याला कसा उधळला, सगळं. आमच्या बोलीत सांगायची, मध्येच मराठी, मग सिनेमातलं हिंदी. एकाच गोष्टीसाठी तीन शब्द. आणि मी मास्तरीण आहे हे कळल्यावर, न सांगता मराठीवर येणारी पोरं. हीच पोरं आमच्या कागदांवर मुकी होती. मग मी आधी केलेल्या तांड्यांवरही परत गेले आणि सगळ्या मुलांचे कागद नव्यानं भरले. त्यावर एक प्रकरण लिहिलं. माझ्या प्रबंधातलं एकमेव खरं प्रकरण.

मॅडमनी ते वाचलं. चष्मा काढला.

"छान लिहिलंयस. पण हे ठेवता येणार नाही."

"का, मॅडम?"

"अगं, साधन बदललं की तुलना संपली. आणि ह्यातून असं वाटतं की चाचणीच चुकीची आहे."

"चुकीचीच आहे ना, मॅडम."

त्या हसल्या. लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तशा. "तू भावनिक होतेयस. तुझेच लोक आहेत म्हणून. संशोधकानं तटस्थ राहायचं असतं. माझ्या सहीनं हा प्रबंध जाणार आहे. जुनेच आकडे ठेव, निष्कर्ष आपण आधी ठरवला तोच. हे प्रकरण काढून टाक."

मुदत संपत आली होती. त्यांची सही नसेल तर प्रबंध नाही. प्रबंध नाही तर सहा वर्षं पाण्यात. मी प्रकरण काढलं. रडत-बिडत नाही. संगणकावर निवडलं आणि पुसलं. निष्कर्षात लिहिलं की तांड्यावरच्या मुलांकडे शाळापूर्व भाषिक अनुभवाचं दारिद्र्य आढळतं. हे वाक्य मी लिहिलं. मॅडमनी नाही.

त्यानंतर महिन्याभरानं ते सादरीकरण. म्हणजे पाहुण्यांनी पेला धरला तेव्हा माझ्यासमोर दोन रस्ते होते. एवढंच म्हणायचं होतं, "सर, आधी तुमचं नाव-गाव सांगा, मग ती बोलेल." एक वाक्य. ते म्हटलं असतं तर माझा पूर्ण प्रबंध तिथल्या तिथं कोसळला असता. म्हणून मी आईला कोसळवलं.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला. पाहुणे मला म्हणाले, "तुमच्या आईंचं फारच बोलकं उदाहरण मिळालं." बोलकं म्हणे. मॅडमनी पेढ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मी तो बाहेर जाऊन थुंकला.

परत जाताना आम्ही दोघी पुसदच्या गाडीत शेजारी बसलो. मी तिला पोचवायला जात होते. दारव्हा मागं पडलं. मी आमच्या बोलीत विचारलं, पाणी पितेस का. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मराठीत उत्तर दिलं.

"नाई लागत मले."

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. जन्मल्यापासून ही बाई माझ्याशी मराठीत एक शब्द बोललेली नाही. मराठी ही तिची बाजारातली भाषा. गिऱ्हाइकाशी, कंडक्टरशी, तलाठ्याशी. परक्यांशी बोलायची.

"याडी, असं काय करतेस?"

"काहून? तूच त सांगतलं सर्व्यायच्या पुढं, इले मराठी जमत नाई. म्हून बोलून राह्यली. पाह्य, जमते का नाई."

"माझी चूक झाली."

"तो मानूस कोन व्हता? नाव नाई, गाव नाई. गिलास दाखोते मले. मी काय लेकरू हाओ का? मले वाटलं, माही पोरगी उभी हाये, ते सांगन त्याले. तू त त्याच्याच बाजूनं निंगाली." मग जरा थांबून म्हणाली, "तुले डाक्टर व्हाच हाये न? हो. पन माह्याशी आता असंच बोलजो. बाजारात बोलते तसं."

समोरच्या सीटवरची बाई वळून बघत होती. गाडीत सगळ्यांना ऐकू जात होतं. किती स्वच्छ, किती धारदार मराठी बोलत होती माझी आई! सभागृहातल्या एकाच्याही तोंडात ती ताकद नव्हती. आणि त्यातला प्रत्येक शब्द मला परकी करत होता. मला ओकारी आली. खरीखुरी. दिग्रसच्या स्टँडवर उतरून मी गटारीजवळ वाकले. चहा, टाळ्या, सगळं बाहेर आलं. ती खिडकीतून बघत होती. उतरली नाही.

दोन दिवसांनी मॅडमनी सहीसाठी बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक त्यांचं प्रमाणपत्र, सही केलेलं. दुसरं माझं प्रतिज्ञापत्र. सदर संशोधन माझे स्वतःचे असून त्यातील माहिती सत्य आहे. खाली माझं नाव, वर रिकामी जागा. मॅडमनी स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढं धरलं.

"कर. आणि आईंना सांग, मॅडम येणार पेढे खायला."

मी पेन घेतलं नाही.

"मॅडम, ही माहिती सत्य नाही. मी सही करणार नाही."

आधी त्यांना थट्टा वाटली. मग समजावलं. मग म्हणाल्या, काढलेलं प्रकरण नंतर लेख म्हणून छापू, दोघींच्या नावानं. मी नाही म्हटलं. मग तो मऊ आवाज पहिल्यांदा फाटला.

"तुझ्यासाठी काय नाही केलं मी? तुमच्या लोकांचं हेच आहे. कितीही करा, वळण काही लागत नाही."

सहा वर्षं ज्याची वाट बघत होते ते शेवटी तोंडातून पडलं. मला बरं वाटलं, खरं सांगते. घाण झाकलेली असली की वास कुठून येतो ते कळत नाही, आणि माणूस स्वतःचंच अंग हुंगत बसतो.

"मॅडम, त्या चाचणीचे सगळे कागद मी भरलेत. ते खोटे आहेत हे मी विद्यापीठाला लेखी कळवणार आहे."

"मग तुझंच नाव खराब होईल. खोटी माहिती तू भरलीस, मी नाही."

"हो. मीच भरली. तेच लिहिणार."

"सहा वर्षं जातील."

"गेलीच आहेत."

पत्र मी त्याच आठवड्यात टाकलं. पोच आली, उत्तर नाही. मार्गदर्शक बदलून मागितला आहे. कोणी तयार नाही. केंद्रातल्या मैत्रिणींचे फोन बंद झाले. एकीनं कळवलं, मॅडम सगळ्यांना सांगतात की पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "कायले नाद केला मॅडम? सही करून टाकाची न. डिग्री भेटली असती, मंग बोलत बसाचं." त्यांचं चुकत नाही, बहुतेक जण तसंच करतात. डिग्री मिळते आणि मग बोलायचं राहून जातं.

याडी अजून माझ्याशी मराठीतच बोलते. मी तिची माफी मागितली, पाया पडले. तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि भाषाही बदलली नाही. तिचा हक्क आहे. पायल मात्र यंदा पहिलीत गेली आणि तिच्या गुरुजींनी तिला मागं बसवलं. शाळेत गेलेल्या तिच्या पहिल्या कागदावर फुल्या आहेत ना. माझ्या हातच्या.

पुढच्या सोमवारी तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, मॅडमच्याच चाचणीचं. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून आदेशात माझं नाव आहे. ते आधीच छापून गेलेलं, काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी जाणार. नोटीस येईल, पगारवाढ थांबेल, बदली लांब होईल, जिल्ह्याच्या टोकाला टाका म्हणावं. माईक हातात आला की कार्डं उघडणार नाही, पडद्यावर तक्ते लावणार नाही. समोर दोनशे मास्तर असतील आणि त्यांच्या वर्गात मागच्या चटया असतील. मी एवढंच बोलणार आहे: तुमच्या वर्गात मागच्या चटईवर जी पोरं बसली आहेत, ती मुकी नाहीत. त्यांना तिथं मी बसवलं, खोटे कागद भरून. आज शाळेत जा आणि त्यांना उठवा.